घोकंपट्टीचा वाद आणि मिटलेले पुस्तक

जानेवारीत तुरीची कापणी आटोपत येते, दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षेचे निकाल लागतात आणि आमच्या वऱ्हाडातल्या गावागावांत दरवर्षीचा एक ठरलेला वाद पेटतो. पालकसभेत, शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि जिल्हा पुरवण्यांच्या पत्रव्यवहारात लगेच दोन फळ्या पडतात. पहिली फळी म्हणते की घोकंपट्टीने पिढ्या वाया घालवल्या, मुलांना फक्त समजावून द्या, आठवणे आपोआप होईल. आणि पुराव्यादाखल राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 पुढे करते. दुसरी फळी म्हणते की आमच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे म्हणून कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर आम्हांला कोणी फसवू शकले नाही. आजच्या पोरांना सातचा पाढा येत नाही, मग कसले आकलन आणि कसले काय! दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात आणि ज्याचा पेपर जवळ आला आहे त्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. याचे कारण असे की दोन्ही फळ्या एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. माहिती डोक्यात कशी घालावी, घोकून की समजावून, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. घातलेली माहिती हवी तेव्हा बाहेर कशी काढावी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की अभ्यासाचा खरा भाग पुस्तक मिटल्यावर सुरू होतो: स्वतःला प्रश्न विचारणे, न बघता आठवणे, चुकले ते तपासणे आणि काही दिवसांनी हेच पुन्हा करणे. समजून वाचलेले असो वा घोकलेले, या कसोटीतून गेल्याशिवाय ते टिकत नाही. आणि ही सवय लावणे हे शाळेचे काम आहे. ते मुलाच्या 'मेहनती'वर सोडून देता येणार नाही.

आपल्याकडे परीक्षेची तयारी प्रत्यक्षात कशी चालते, हे आधी पाहू. दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षक 'पोर्शन' उरकण्याच्या मागे लागतात. तो संपला की उरलेल्या दिवसांत तेच धडे पुन्हा एकदा भरभर शिकवतात आणि शेवटी आयएमपी प्रश्न लिहून देतात. मुले घरी जाऊन गाईडमधली उत्तरे रजिस्टरमध्ये उतरवतात, पिवळ्या हायलायटरने अर्धे पान रंगवतात आणि धडा चार-चार वेळा वाचतात. दहावीच्या विज्ञानातला 'उष्णता' हा धडा घ्या. त्यात पाण्याचे असंगत आचरण आहे, ते दाखवणारे होपचे उपकरण आहे. वर्गात विचारले तर सगळे हात वर होतात. पण पुस्तके दप्तरात घालायला सांगून, कोऱ्या कागदावर, 2 अंश सेल्सिअसचे पाणी 3 अंशांपर्यंत तापवले तर त्याच्या आकारमानाचे काय होईल ते कारणासह लिहा, असे म्हटले की बहुतेक कागदांवर एकच वाक्य येते: तापवल्यावर पाणी प्रसरण पावते. 0 ते 4 अंशांच्या दरम्यान ते उलट आकुंचन पावते, हे याच मुलांनी आदल्या दिवशी वाचलेले असते, त्याखाली रेघही ओढलेली असते. एका मुलीने तिची अडचण आमच्या बोलीत नेमकी मांडली होती: 'सर, वाचतो तवा तं सारं येते, पुस्तक मिटलं का जाते.' वाद घालणाऱ्या दोन्ही फळ्यांपेक्षा हे निदान अधिक अचूक आहे. धडा डोळ्यांसमोर असताना तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा वाटणे म्हणजे येणे असा आपला समज होतो. पेपरात मात्र डोळ्यांसमोर फक्त प्रश्न असतो.

हा समज केवळ मुलांचा नाही आणि केवळ खेड्यातलाही नाही. अमेरिकेत रोएडिगर आणि कारपिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर चित्र पालटले: दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 56. याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांचा आत्मविश्वास मात्र जास्त होता. आपल्याला आठवडाभराने पुष्कळ आठवेल असे त्यांना वाटत होते. येथेच खरी मेख आहे. जी पद्धत कमी उपयोगी, तीच करताना सुखाची वाटते. आठवण्याचा प्रयत्न कष्टाचा असतो, अडखळवणारा असतो, आपले अज्ञान उघडे पाडणारा असतो, म्हणून मूल तो टाळते आणि पुन्हा हायलायटर उचलते. 'मेहनत कर' एवढे सांगून हे सुटत नाही, कारण मूल मेहनत करतच असते.

दुसरी गोष्ट अंतराची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट पाठ करून ते किती वेगाने विसरतात हे त्याने मोजले आणि सर्वांत मोठी गळती पहिल्या तासाभरातच होते असे दाखवले. आपल्या कामाचे त्याचे दुसरे निरीक्षण अधिक आहे: एकाच दिवशी 68 वेळा घोकून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागून 38 वेळा घोकल्याने साधले. कष्ट जवळजवळ अर्धे आणि फळ तेवढेच. हे गावातल्या माणसाला नव्याने पटवायला नको. हरभऱ्याला पाणी द्यायचे तर महिन्याचे पाणी एकाच रात्री वावरात सोडून कोणी मोकळा होत नाही, पाळ्या धरूनच देतो. तरीही हाच शेतकरी बाप पेपरच्या आदल्या रात्री पोरगा जागला की समाधानाने झोपतो. ज्या झोपेत दिवसभराचे वाचलेले पक्के होते ती झोपच त्या रात्री मारली जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता समोरच्यांचे म्हणणे, आणि ते हलक्यात घेण्याजोगे नाही. आकलनवाद्यांची बाजू विदर्भात तर विशेषच भक्कम आहे, कारण पुस्तकी पाठांतराविरुद्धचे या देशातले एक मोठे बंड आमच्याच मातीत झाले. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. टकळीवर सूत काढताना मूल लांबी, वजन, गुणाकार शिकेल आणि कापसाचा इतिहास-भूगोलही शिकेल, ही दृष्टी आजही अनेक शाळांना लाज वाटावी इतकी निरोगी आहे. अर्थ न कळता केलेले पाठांतर मुलाच्या बुद्धीचा अपमान करते, हे मला पूर्ण मान्य आहे. जे समजले ते अधिक टिकते, हेही खरे आहे.

पण 'अधिक टिकते' याचा अर्थ 'आपोआप टिकते' असा होत नाही, आणि आकलनवादी नेमकी हीच उडी मारतात. टकळीवरच्या सुताचा हिशोब करणाऱ्या मुलालाही सात आठे छप्पन्न हे बोटे न मोजता यावेच लागते. नाहीतर त्याचे सारे ध्यान छप्पन्नापाशी अडकते आणि सुताचा विचार बाजूला राहतो. एका वेळी मनात खेळवता येणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. पाढे, सूत्रे, संज्ञा, सनावळ्या हाताशी असल्या तरच विचाराला जागा मोकळी होते. ज्याला मूलद्रव्यांच्या संज्ञा प्रत्येक वेळी पुस्तकात शोधाव्या लागतात, त्याला रासायनिक समीकरण संतुलित करण्यातली गंमत कधी कळणार? आणि स्वतःलाच विचारून पाहा: महाविद्यालयात पूर्ण समजलेला, शिक्षकाने सुंदर समजावलेला एखादा सिद्धान्त आज न बघता कागदावर मांडता येईल का? समजले होते यात शंका नाही. मधल्या वर्षांत तो कधी आठवून पाहिला नाही, एवढेच.

दुसऱ्या फळीचा आधार परंपरेचा. पूर्वज सगळे मुखोद्गत ठेवत, म्हणून घोकणे श्रेष्ठ, असा तिचा युक्तिवाद असतो. परंपरेत खरोखर काय होते ते मात्र ही मंडळी पाहत नाहीत. वेदपाठी निव्वळ ओळीमागून ओळ घोकत नसत. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणायची. घनपाठात तिसरे पद घेऊन हीच उलटसुलट गुंफण आणखी वाढवायची. म्हणजे ओघाच्या बळावर पुढचा शब्द आपोआप तोंडात येण्याची सोयच काढून टाकलेली, प्रत्येक पद स्वतंत्रपणे हुडकून आणावे लागणार, आणि समोर गुरू चूक पकडायला बसलेला. शिवाय अर्थ न जाणता वेद पाठ करणारा हा नुसता भार वाहणारा खांब होय, असे वेदांतल्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या यास्काच्या निरुक्तातच सांगितले आहे. घोकंपट्टीच्या समर्थकांनी परंपरेची साक्ष काढावी, पण ती साक्ष त्यांच्या बाजूने पडत नाही. (ज्यांना त्या पाठशाळेच्या ओसरीवरही उभे राहू दिले जात नव्हते त्यांच्या आयाबायांनी जात्यावर शेकडो ओव्या पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या, हेही स्मरणशक्तीच्या इतिहासात लिहिले पाहिजे. तेथेही रोज म्हणणे, एकीने सुरू केलेली ओळ दुसरीने पुरी करणे, हाच प्रकार होता.)

याहून जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे आहे, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले प्रसंग, 'लीळाचरित्रा'साठी गोळा केले ते भक्तांच्या आठवणींतून. ज्याला जी लीळा ठाऊक, त्याला ती विचारायची, त्याच्याकडून वदवून घ्यायची आणि स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांसमोर पारखायची, अशी ती रीत परंपरेने सांगितली आहे. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि महानुभावांनी ती पुन्हा आठवणीतून उभी केली. आज लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आढळतात, त्यामागे ही घटना आहे. मला या इतिहासात दोन गोष्टी दिसतात. आठवण जिवंत राहिली ती पोथी उशाला ठेवल्याने राहिली नाही, एकमेकांना सांगितल्याने, विचारल्याने राहिली. आणि नुसती आठवण भटकते, तिला पाठभेद फुटतात, म्हणून पारखणाराही हवा. परीक्षार्थी मुलाने याहून वेगळे काय करायचे आहे? आठवायचे, आणि मग पुस्तक उघडून पारखायचे. यातला दुसरा अर्धा भाग वगळला तर चुकीचेच उत्तर घट्ट होत जाते.

अमरावती जिल्ह्यानेच महाराष्ट्राला दिलेले गाडगेबाबा कीर्तनात हेच करत. ते प्रवचन झोडत नसत, समोरच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. कर्ज काढून सण करू नये, हे सांगणारे त्या काळी थोडे नव्हते. पण श्रोत्याने भर सभेत स्वतः दिलेले उत्तर घरी गेल्यावरही त्याचा पिच्छा सोडत नसे. आमच्या किती वर्गांत मुले अशी बोलती होतात?

आता एक आक्षेप असा आहे की जो व्यवहारात सगळ्यांवर मात करतो: परीक्षाच जर गाईडमधले उत्तर जसेच्या तसे उतरवल्यावर गुण देत असेल, तर मुलाने वेगळे का वागावे? हे म्हणणे प्रामाणिक आहे. आदल्या रात्री घोकून सकाळी ओकणाऱ्याला गुण मिळतात. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते, हे मी वर सांगितलेच आहे. पण बोर्डाची परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही. जूनमध्ये शिकवलेला धडा फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारला जातो आणि सहा-सात विषयांचे धडे एका रात्रीत मावत नाहीत. त्याहून मोठा तोटा पुढे होतो. दहावीला बऱ्यापैकी गुण घेऊन तालुक्याच्या महाविद्यालयात अकरावी विज्ञानाला गेलेली खेड्यातली मुले दिवाळीपर्यंत कोसळतात, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. दहावीचे त्यांच्याजवळ काही उरलेलेच नसते. पोलीस भरती आणि तलाठी भरतीसाठी गावच्या अभ्यासिकेत बारा-बारा तास बसणारी मुले हेच पुन्हा करतात. तासांचा हिशोब भिंतीवर असतो, आठवलेल्याचा हिशोब कोठेच नसतो.

गणिताच्या बाबतीत तर आपण मुलांना अक्षरशः फसवतो. वर्गसमीकरणांच्या प्रकरणानंतर वीस वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढीनंतर वीस श्रेढी. मूल भराभर सोडवते, कारण कोणती रीत लावायची हे प्रकरणाच्या नावानेच सांगितलेले असते. रोहरर आणि टेलर यांनी 2007 साली विद्यार्थ्यांना निरनिराळ्या घनाकृतींची घनफळे काढायला दिली. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांना सरावात 89 टक्के गुण होते, मिसळून सोडवणाऱ्यांना 60. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले 20 टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले 63 वर टिकून राहिले. पेपरात कोणते उदाहरण कोणत्या प्रकरणातले हे छापलेले नसते, मग सरावात ते छापलेले का असावे?

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. ज्या घरात दिवाळीपासून कापसाच्या वेचणीला मुलीलाही जावे लागते, जेथे शेतीची वीज रात्री येते म्हणून मोटर सुरू करायला मुलगा उठतो, जेथे शाळेत विज्ञानाची जागा रिकामी आहे, तेथे स्मरणाच्या युक्त्या सांगणे म्हणजे व्यवस्थेचे पाप पोराच्या माथी मारणे नव्हे काय? काही अंशी नक्कीच आहे. शिक्षकाची रिकामी जागा कोणत्याही अभ्यासपद्धतीने भरून निघत नाही, आणि असे लेख वाचून शासनाने निश्चिंत व्हावे अशी माझी इच्छा नाही. परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष मला उलटाच दिसतो. शहरातल्या मुलाजवळ वेळ आहे, शिकवणी आहे, त्याला चार वेळा धडा वाचण्याची चैन परवडते. वेचणीहून आलेल्या मुलीजवळ दीड तास असतो. तो दीड तास वाया घालवणारी पद्धत तिला सर्वांत महाग पडते. उलट आठवून पाहायला वीज लागत नाही, मोबाइल लागत नाही, टेबलखुर्ची लागत नाही. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बसमध्ये दोन मैत्रिणी एकमेकींना टिश्यू संवर्धनाचे टप्पे विचारू शकतात; तुरीच्या ओळीत वाकलेला मुलगा मनातल्या मनात 1857 च्या लढ्याची कारणे मांडून पाहू शकतो आणि घरी येऊन पुस्तकाशी ताडू शकतो. हे कष्टांचे उदात्तीकरण नाही. मुलीला वेचणीला जावे लागू नये हीच मागणी पहिली. पण ती पुरी होईपर्यंत तिचा दीड तास तरी आपण लुबाडू नये.

स्मरणशक्तीची शिबिरे भरवून हजारो रुपये घेणाऱ्यांविषयी थोडेच लिहितो. त्यांच्या युक्त्या खोट्या नसतात; इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा'ने आपण सगळेच लक्षात ठेवतो. क्रमाने येणाऱ्या सुट्या गोष्टींना अशी खुंटी उपयोगी पडते. दवबिंदू तापमान म्हणजे काय आणि हिवाळ्यात पहाटे गवतावर दव का दिसते, हे त्या खुंटीला टांगता येत नाही.

परीक्षा वाढवल्या तर धास्ती वाढेल, असे शिक्षणहक्क कायद्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील, आणि पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आल्यानंतर ही भीती निराधार राहिलेली नाही. आपल्या शाळांत चाचणी म्हणजे निवाडा. गुण फळ्यावर लागतात, मागे पडणाऱ्याला उभे केले जाते आणि तपासलेला पेपर मुलाच्या हाती पुन्हा क्वचितच येतो. अशा चाचण्या आणखी वाढवा, असे मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ती चाचणी गुणांवाचून आहे. तासाच्या सुरुवातीची पाच-सात मिनिटे पुस्तके बंद ठेवून कालचे दोन, गेल्या आठवड्यातला एक आणि दोन महिन्यांपूर्वीचा एक असे चार प्रश्न विचारावेत. प्रत्येकाने रद्दीच्या कागदावर उत्तर लिहावे, मग पुस्तक उघडून स्वतःच दुरुस्त करावे. कागद शिक्षकाने गोळा करू नयेत, नोंद ठेवू नये. चुकणे बिनखर्चाचे झाले की मूल चुकायला घाबरत नाही. वर्ग बहुवर्गी असला तरी हे जमते, किंबहुना तेथे अधिक जमते, कारण सातवीतला मुलगा पाचवीतल्याला विचारू लागला की दोघांचीही उजळणी होते.

यासाठी नवा शासननिर्णय नको, प्रशिक्षणाचा सोहळा नको. मुख्याध्यापकांनी एवढेच ठरवावे की जानेवारीत पोर्शन पुन्हा 'शिकवण्या'चे तास अर्धे करायचे आणि ते मिटलेल्या पुस्तकाच्या सरावाला द्यायचे. पूर्वपरीक्षेचे पेपर आठवड्याच्या आत मुलांना परत करायचे आणि चुकलेले प्रश्न पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. पालकसभेत 'किती तास अभ्यास करतो?' या प्रश्नाऐवजी आईने चूल सांभाळताना पोराच्या हातून पुस्तक घ्यावे आणि 'आज काय वाचलं ते सांग' म्हणावे, असे तिला सुचवायचे. तिला स्वतःला वाचता येत नसले तरी मुलगा कोठे अडखळला हे तिला बरोबर ऐकू येते.